संवाद रेकॉर्ड करायचाय? मग आधी माइकची जागा ठरवा

शॉर्टफिल्मवाल्या पोरांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. "ताई, कुठला रेकॉर्डर घेऊ?" मी उलट विचारते, एका फ्रेममध्ये किती जण बोलणार आणि त्यांच्या तोंडापासून माइक किती लांब असणार? यावर पलीकडे जरा शांतता. मग हळूच उत्तर येतं, "कॅमेऱ्यावरच लावणार होतो."

अहो, माइक दुप्पट लांब नेला की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने पडतो. भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. दोन-अडीच मीटरवर ठेवलेला महागडा रेकॉर्डर तुम्हाला अतिशय स्वच्छ घुमारा रेकॉर्ड करून देईल, बस. छातीवर लावलेला साधा कॉलर माइक त्याला सहज हरवतो. म्हणून खरेदीचा क्रम असा धरा: आधी माइक, मग बूमचा दांडा (माइक नटाच्या डोक्यावर धरायची लांब काठी) आणि वाऱ्याचं कव्हर, मग हेडफोन, आणि उरलेल्या पैशात रेकॉर्डर. दुकानदार नेमका याच्या उलट क्रमाने माल दाखवतो.

आता रेकॉर्डर. खिशात मावणारे, वर दोन छोटे माइक असलेले, झूम एच१एन किंवा एच१ एसेन्शियलसारखे यंत्र हे माणसाच्या जवळ लपवता आले तरच संवादासाठी कामाचे. टेबलावरच्या पुस्तकांमागे, देवघराच्या कोनाड्यात, असं. त्यांच्या ३.५ मिलिमीटरच्या भोकातून कॉलर माइकला लागणारे दोन-तीन व्होल्ट मिळतात. मोठ्या कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या वायरीतूनच मिळणारी वीज, हवा, तो तिथून मिळत नाही. नुसता कनेक्टर बदलून सेनहायझर एमकेएच ४१६सारखा असा माइक त्यात खुपसाल तर काहीही ऐकू येणार नाही. माइक बिघडला म्हणून मग भाड्याने देणाऱ्याशी भांडू नका.

त्यावरच्या पायरीला दोन एक्सएलआर इनपुट (मोठ्या माइकची तीन पिनांची भोकं) असलेले येतात: झूम एच४एन प्रो, एच५, टास्कॅम डीआर-४०एक्स, आणि अंगावरचे माइक काढून टाकलेला, मुठीएवढा झूम एफ३. दोन पात्रांच्या शॉर्टफिल्मला एवढं पुरतं, एका ट्रॅकवर बूम आणि दुसऱ्यावर कॉलर. चार जण एकमेकांचं बोलणं तोडत जेवायला बसलेत असा सीन असेल तर मात्र झूम एफ६ किंवा साउंड डिव्हायसेसचा मिक्सप्री-६ असा जास्त इनपुटचा रेकॉर्डर लागतो, कारण प्रत्येक माइकचा वेगळा ट्रॅक नसेल तर एडिटला हात बांधले जातात. आणि एक चौथा प्रकार, टास्कॅम डीआर-१०एलसारखा, माणसाच्या कमरेलाच लावायचा. वायरलेसची कटकट नाही, पण चालू टेकमध्ये लांबून ऐकता येत नाही. डॉक्युमेंट्रीत चालतं, फिक्शनला मी टाळते.

तपशिलाच्या तक्त्यात बघायचा आकडा एकच, इक्विव्हॅलंट इनपुट नॉइज, म्हणजे रेकॉर्डरची स्वतःची सळसळ. तो उणे असतो आणि जितका खाली तितका बरा. एफ३ला कंपनी उणे १२७ डीबीयू सांगते. उणे १२०च्या वर राहणारा रेकॉर्डर हळू बोलणाऱ्या नटाच्या संवादात सतत 'सूंऽऽ' मिसळत राहतो. जुन्या पिढीचे हँडी रेकॉर्डर सेकंडहँड स्वस्त मिळतात त्यामागे हेही एक कारण असतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत घ्यायला गेलात तर आपला माइक आणि आपला हेडफोन बरोबर न्या. फूटभरावरून नेहमीच्या आवाजात बोला, मीटर उणे १८च्या आसपास (शून्यावर आवाज फुटतो) येईल एवढा गेन, म्हणजे माइकचा आवाज मोठा करायचं सेटिंग, वाढवा आणि मग गप्प बसा. गल्लीत रिक्षा वाजत असतील, तरी कानाला खालची सळसळ कळते. गेनचं बटणच नसलेला असेल तर फाइल लॅपटॉपवर घेऊन आवाज वाढवून ऐका. आणि तीन दिवसांचं शूट असेल तर विकत घेऊच नका. भाड्याने चांगला माइक आणि चांगला रेकॉर्डर दोन्ही परवडतात.

३२-बिट फ्लोट या रेकॉर्डिंगच्या नव्या पद्धतीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण त्यावरून भलतेच गैरसमज आहेत. अशा रेकॉर्डरांत सहसा एकाच इनपुटला दोन कन्व्हर्टर बसवलेले असतात, एक कुजबुजीसाठी आणि एक आरडाओरड्यासाठी. दोघांचं जोडकाम करून आकडे अशा स्वरूपात लिहिले जातात की फाइलमध्ये आवाज 'फुटायला' छतच उरत नाही. कागदोपत्री १,५०० डेसिबलहून मोठी व्याप्ती. उपयोग खरा आहे. नवरा-बायको दबक्या आवाजात बोलताहेत आणि अचानक तो किंचाळतो, असा टेक नेहमीच्या २४-बिट पद्धतीवर घेताना गेनवरचा हात थरथरतो. फ्लोटवर ती चिंता नाही. पण रेकॉर्डरच्या आधी जे बिघडलं ते बिघडलंच. माइकची कॅप्सूलच (आवाज पकडणारा भाग) आवाजाने कोंडली, वायरलेसच्या ट्रान्समीटरवर गेन जास्त होता, वारा थेट जाळीवर आपटला, कपडा घासला: यातलं काहीही परत मिळत नाही. लांबचा माइक जवळ येत नाही. "फ्लोटवर आहे ना, मग बघायचं काय," म्हणून हेडफोन गळ्यात अडकवून फोन बघत बसलेला रेकॉर्डिस्ट दिसला की मला राग येतो.

एडिटरला आधीच सांगून ठेवा की फाइल ३२-बिट फ्लोट आहे. टाइमलाइनवर लाट सपाट दिसली की रात्री अकराला फोन येतो, "आवाजच नाहीये." आवाज असतो, वर उचलावा लागतो.

साध्या २४-बिटवर काम करत असाल तर सेटिंग सोपी आहेत. ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल, एमपी३ नाही. ऑटो लेव्हल बंद, नाहीतर नट श्वास घ्यायला थांबला की पंख्याचा आवाज फुगून वर येतो. लिमिटर, म्हणजे अचानक चढलेला आवाज दाबणारी सोय, चालू. ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालची घरघर कापणारा) संवादाला बिनदिक्कत लावा. बोलणं उणे २० ते उणे १२च्या पट्ट्यात खेळू दे, सर्वांत मोठा शब्द उणे ६च्या वर नको. तालमीवर विसंबून गेन ठरवत असाल तर थोडी जागा राखा. नट तालमीत अंग राखून बोलतात आणि 'अ‍ॅक्शन' म्हटलं की आवाज चढतो. अनुभवी नाटकवाले असतील तर जरा जास्तच जागा राखा. दोन ट्रॅकचं तासभर रेकॉर्डिंग साधारण १ जीबी होतं, तेव्हा कार्डाची काळजी करू नका. फक्त ते रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करा. फँटम पॉवर सेल खातो, त्यामुळे रिचार्जेबल एएचे दोन संच ठेवा आणि मेनूत सेलचा प्रकार बरोबर निवडा, नाहीतर बॅटरीचा काटा खोटं बोलतो. पॉवरबँक वापरणार असाल तर घरी तासभर चालवून बघा. काही पॉवरबँक एवढ्या कमी ओढीला आपणहून बंद पडतात.

बूम वरून यावा, फ्रेमच्या जेमतेम बाहेर, टोक तोंडाकडून छातीकडे रोखलेलं. तोंडापासून दीड-दोन फूट. कॅमेरामनला म्हणा, "दादा, मी खाली येते, दिसला की ओरड." तो ओरडला की चार बोटं वर घ्यायचा आणि तिथेच धरायचा. छोट्या, गिलावा केलेल्या खोलीत लांब शॉटगन माइक फसवतो. त्याच्या नळीतल्या चिरा बाजूने येणारा आवाज कापण्यासाठी असतात, पण भिंती आणि छतावरून परतणारा आवाज समोरूनही आत शिरतो आणि बोलणं पोकळ लागतं. तिथे आखूड हायपरकार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) माइक बरा. शहाबादी फरशी असेल तर फ्रेमबाहेर सतरंज्या, गोधड्या, मिळेल ते अंथरा. ज्यांच्या घरी शूट आहे त्या काकूंकडे मागितल्या तर माळ्यावरून पाच-सहा सहज निघतात.

कॉलर माइकची खरी परीक्षा साडीवर होते. वाईच्या एका वाड्यात स्वयंपाकघरातला सीन होता, सून ओट्याशी आणि सासू दारात. सुनेच्या ब्लाउजच्या मध्यावर माइक, वर जरीचा पदर आणि त्यावर मंगळसूत्र. उभी असताना आवाज उत्तम. ती कणीक मळायला वाकली की काळे मणी नेमके कॅप्सूलवर, टक, टक, आणि ते टकटकणं नेमकं तिच्या वाक्यांच्या मध्येच. दिग्दर्शक म्हणाला, डबिंगला बघू. हे वाक्य आपल्याकडे वारशाने आलंय. पूर्वीचे अ‍ॅरिफ्लेक्स २सीसारखे फिल्म कॅमेरे शिवणयंत्रासारखे खडखडायचे, त्यामुळे लोकेशनवरचा आवाज वापरायचाच नाही अशी रीत पडली. आता कॅमेरे जवळपास गप्प असतात, सवय मात्र तीच.

तर उपाय. माइक मध्यावरून काढून खांद्याकडे, पदराच्या निऱ्यांच्या पहिल्या घडीत नेला. कापडी टेपच्या दोन पट्ट्या चिकट बाजू बाहेर ठेवून त्रिकोणी घड्या करायच्या आणि कॅप्सूल त्या दोन त्रिकोणांमध्ये धरायची. एक बाजू ब्लाउजला चिकटते, दुसरी पदराला, आणि कापड माइकवर सरकतच नाही. खाली वायरचा छोटा वेढा करून तोही चिकटवायचा, म्हणजे वायर ओढली तरी धक्का वर पोचत नाही. मंगळसूत्राच्या वाट्या फ्रेममध्ये दिसणार नाहीत अशा जागी मायक्रोपोर पट्टीने त्वचेला लावल्या. काचेच्या बांगड्यांच्या मध्ये केसांची बारीक रबरं सरकवली, किणकिणाट निम्म्यावर आला. हे सगळं कपडेपटातल्या ताईंकडून करून घ्या आणि नटीला आधी विचारून घ्या. बांगड्यांचा आणि पोळपाटाचा खरा आवाज सीन संपल्यावर वेगळा रेकॉर्ड करायचा. तो एडिटला हवा तिथे घालता येतो, संवादाखालून काढता मात्र येत नाही.

लोकेशन बघायला जाताना डोळे मिटून पाच मिनिटं बसा. देवळातल्या आरतीची वेळ विचारा, शेजारच्या कुकरची वेळ विचारा. मार्चपासून कोकीळ सकाळी कुणाचंच ऐकत नाही, तेव्हा बाहेरचे शांत सीन त्याच्या वेळेत लावू नका. फ्रिज बंद करायचा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवायची. किल्ली घेतल्याशिवाय घरी जाता येत नाही, म्हणून फ्रिज पुन्हा चालू करायला कुणी विसरत नाही. हेडफोनमध्ये सारखी 'हूं' ऐकू आली तर ती ५० हर्ट्झची वीज असते. माइकची वायर विजेच्या वायरीला समांतर गेलीय का बघा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

टेक सुरू करताना लाल दिव्यावर विश्वास ठेवू नका. बऱ्याच हँडी रेकॉर्डरांत पहिल्या दाबाला यंत्र नुसतं तयारीत येतं आणि दिवा लुकलुकतो. रेकॉर्डिंग दुसऱ्या दाबाला सुरू होतं. सेकंद पुढे सरकताहेत हे बघूनच "रोलिंग" म्हणा. मग तोंडी नोंद, "सीन चार, शॉट दोन, टेक तीन," आणि क्लॅप. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइकही चालू राहू दे, लाटा जुळवायला तो लागतो. क्लॅप कॅमेऱ्याजवळ द्या, कारण आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो आणि २५ फ्रेमच्या हिशेबात १४ मीटरवरचा क्लॅप कॅमेऱ्याच्या माइकला एक फ्रेम उशिरा पोचतो.

लांबलचक मुलाखत किंवा रंगमंचावरचा अख्खा अंक घेत असाल तर शेवटीही क्लॅप द्या. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत एक नसतात. दहा लाखात वीस भागांचा फरक म्हटलं तरी तासाला ७२ मिलिसेकंद होतात, म्हणजे जवळजवळ दोन फ्रेम, आणि ओठ सुटलेले दिसायला लागतात.

सीन संपला की दिवे हलवण्याआधी "साउंडसाठी अर्धा मिनिट" असं मोठ्याने सांगा आणि सगळ्यांना जागच्या जागी उभं करून ३० सेकंद खोलीची शांतता घ्या. प्रत्येक खोलीची वेगळी. एडिटर दोन वाक्यांमधली भोकं त्याच शांततेने बुजवतो. ज्या वाक्यावर रिक्षा गेली किंवा कुणी खोकलं, ते वाक्य तिथल्या तिथे, कॅमेरा बंद ठेवून, बूम अगदी जवळ आणून नटाकडून दोन-तीनदा म्हणून घ्या. कपडे तेच, खोली तीच, आणि सुरात सीनची ऊब अजून असते. संध्याकाळी तोच नट नाशिकच्या एसटीत बसलेला असतो आणि फोनवर पाठवलेलं त्याचं वाक्य कशातच बसत नाही.

रेकॉर्डर 'स्टॉप' केल्याशिवाय सेल काढू नका, फाइल अर्धवट राहते. दिवसाअखेर कार्ड दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवा, दोन्हीकडच्या दोन-चार फाइल उघडून ऐका, आणि कार्ड फॉरमॅट दुसऱ्या दिवशी सकाळीच करा.