एसटी, डीमेन्यू आणि डीडब्ल्यूएम : मोजक्या अवजारांचा डेस्कटॉप उभारताना

डीडब्ल्यूएम हा लिनक्ससारख्या यंत्रणांवरचा विंडो मॅनेजर, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्यांची मांडणी करणारा प्रोग्रॅम, २००६ पासून उपलब्ध असून त्याचा सोर्स कोड २,००० ओळींच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, हा त्याच्या कर्त्यांचा दंडक आहे. त्याला सेटिंग्जची वेगळी खिडकी नाही. रंग, फॉन्ट आणि कळांच्या जोड्या सी भाषेतल्या एका हेडर फाइलमध्ये लिहायच्या आणि प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करायचा, म्हणजे सोर्स कोडवरून नव्याने बनवायचा, एवढीच त्याची रीत आहे. सी येत नसले तरी चालते, कारण बहुतेक बदल एखादा आकडा किंवा अवतरणचिन्हांतला मजकूर बदलण्यापुरते असतात.

प्रथम सी कंपाइलर, मेक (कंपाइल करण्याच्या पायऱ्या चालवणारे अवजार) आणि एक्सलिब, एक्सएफटी व झिनेरामा या लायब्ररींच्या हेडर फाइली बसवून घ्याव्यात. डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर त्यांची पॅकेजे ‘डेव्ह’ या प्रत्ययाने ओळखू येतात. त्यानंतर एसटी हा टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी), मग डीमेन्यू हा यादीतून प्रोग्रॅम निवडण्याचा मेन्यू आणि सर्वांत शेवटी डीडब्ल्यूएम, असा क्रम ठेवावा. डीडब्ल्यूएम सुरू झाल्यावर पडद्यावर एका पट्टीखेरीज काहीच दिसत नाही आणि टर्मिनल उघडण्याची मूळ कळ एसटीलाच हाक मारते; तो बसवलेला नसेल तर कळ दाबूनही काही घडत नाही आणि नवखा माणूस रिकाम्या पडद्याकडे पाहत राहतो. जुना डेस्कटॉप लगेच काढून टाकू नये, हे ओघाने आलेच.

सर्वाधिक घोटाळा दोन फाइलींमुळे होतो. कोडबरोबर येणारी ‘कॉन्फिग डॉट डेफ डॉट एच’ ही मूळ प्रत असते आणि पहिल्यांदा मेक चालवल्यावर तिच्यावरून ‘कॉन्फिग डॉट एच’ तयार होते. त्यानंतर कंपाइलर फक्त दुसरी फाइल वाचतो, त्यामुळे पहिलीत कितीही बदल केले तरी परिणाम शून्य. इतरांनी लिहिलेले पॅच, म्हणजे कोडमधले तयार बदल, मात्र सहसा पहिल्याच फाइलवर लागू होतात, म्हणून पॅच लावल्यावर त्यातल्या नव्या ओळी हाताने दुसरीत उतरवाव्या लागतात. शिवाय पहिलेच मेक सूडोने (प्रशासकाच्या अधिकाराने) चालवले, तर ‘कॉन्फिग डॉट एच’ रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, मालकीची होते आणि संपादन करताना परवानगी नाकारली जाते. तेव्हा मेक साध्या वापरकर्त्याने आणि केवळ ‘मेक इन्स्टॉल’ सूडोने चालवावे. प्रत्येक पॅचपूर्वी गिट या आवृत्त्या जपणाऱ्या अवजारात कमिट करावे, म्हणजे तेव्हाची प्रत नोंदवून ठेवावी, कारण एकाच ओळीला हात घालणारे दोन पॅच एकमेकांशी भांडतात. माझ्या मते पहिला महिनाभर एकही पॅच न लावणे उत्तम.

‘स्टार्टएक्स’ ही आज्ञा वाचते त्या ‘एक्सइनिटआरसी’ फाइलच्या शेवटी ‘एक्झेक डीडब्ल्यूएम’ ही ओळ लिहून ‘स्टार्टएक्स’ दिले की काम सुरू होते. ऑल्ट, शिफ्ट आणि एंटर यांनी टर्मिनल उघडतो, ऑल्ट आणि पी यांनी डीमेन्यू, ऑल्टसह जे आणि के यांनी खिडक्यांमधून फिरता येते, तर ऑल्ट, शिफ्ट आणि सी यांनी समोरची खिडकी बंद होते. ऑल्टसह १ ते ९ हे आकडे त्या-त्या टॅगच्या, म्हणजे खिडक्यांना लावलेल्या खुणेच्या, खिडक्या दाखवतात; एकाच खिडकीला अनेक टॅग देता येत असल्यामुळे त्यांना नुसते वर्कस्पेस समजणे चुकीचे ठरते. पट्टीवर वेळ दाखवण्यासाठी ‘एक्ससेटरूट’ या आज्ञेने रूट विंडोचे (पार्श्वभूमीच्या खिडकीचे) नाव बदलत राहणारी छोटी शेल स्क्रिप्ट पुरेशी आहे.

डीमेन्यू केवळ प्रोग्रॅम उघडण्यासाठी नाही. पाइपमधून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमकडून, आलेल्या ओळींची तो यादी दाखवतो आणि निवडलेली ओळ पुढे छापतो, त्यामुळे फाइली, बुकमार्क किंवा बंद करायच्या प्रोसेस यांपैकी कशाचीही निवड त्याच्याकडून करून घेता येते.

एसटीमध्ये मागे सरकलेला मजकूर पाहण्याची सोय मुळात नाही. त्यासाठी टर्मिनलच्या आत चालणारा टीमक्स हा प्रोग्रॅम वापरावा आणि कंट्रोल-बी नंतर डावा चौकटी कंस दाबून मागचा मजकूर चाळावा. एसएसएचने दूरच्या यंत्रावर गेल्यावर टर्मिनलचा प्रकार अनोळखी असल्याची तक्रार आली, तर ‘इन्फोकंप’ या आज्ञेने स्वतःच्या यंत्रावरचे टर्मिनलचे वर्णन काढून दूरच्या यंत्रावर ‘टिक’ या आज्ञेला द्यावे. हा सारा खटाटोप एक्स सर्व्हर या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेपुरता आहे. वेलँड या तिच्या नव्या पर्यायावर राहायचे असेल, तर याच धर्तीचा डीडब्ल्यूएल पाहावा.