सीएफडी रन टाकण्याआधी या चुका टाळा

सीएफडी म्हणजे पाणी-हवेचा प्रवाह कॉम्प्युटरवर सोडवून बघणं. मार्च-एप्रिल आला की माझा फोन वाजायला लागतो. फायनल इयरची पोरं, कोल्हापूरच्या शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नवीन लागलेले डिझाईनवाले, सगळ्यांचं रडगाणं एकच, "दादा, कन्व्हर्ज झालंय पण टेस्टशी जुळेना." म्हणजे आकडे स्थिरावलेत, पण प्रत्यक्ष चाचणीशी जुळत नाहीत. केस उघडून बघावी तर त्याच त्या चुका. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

प्रवाहाची जागा आपण छोट्या तुकड्यांत वाटतो, तुकडा म्हणजे सेल आणि सगळी जाळी म्हणजे मेश. सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक भिंतीजवळच्या पहिल्या सेलची. परवा एका फाउंड्रीच्या बटरफ्लाय व्हॉल्व्हचं काम करणारा पोरगा आला, १०० मिमीचा पाईप, पाणी, वेग २ मीटर प्रति सेकंद, टर्ब्युलन्सचं (प्रवाहातल्या खळबळीचं) मॉडेल स्टँडर्ड के-एप्सिलॉन. पहिल्या मेशवर प्रेशर ड्रॉप टेस्ट रिगच्या बऱ्यापैकी जवळ होता. मग कुणीतरी सांगितलं मेश बारीक कर, अजून अचूक येईल. यानं केली बारीक, उत्तर लांब गेलं. अजून बारीक केली, अजून लांब गेलं. शेवटी गड्यानं सोल्व्हरमध्येच बग आहे म्हणून सगळं सॉफ्टवेअर काढून परत टाकलं! मी फक्त वाय प्लस, म्हणजे भिंतीपासून पहिल्या सेलचं एककाशिवायचं अंतर, काढायला लावला. पहिल्या मेशवर ५० च्या आसपास, शेवटच्या मेशवर १२. म्हणजे हा नेमका बफर लेयरमध्ये, भिंतीलगतचा चिकट थर आणि त्याच्या वरचा लॉग लेयर यांच्या मधे, जाऊन बसला होता. वॉल फंक्शन, म्हणजे भिंतीजवळचा प्रवाह सूत्रानं धरायची सोय, लॉग लेयर धरून चालतं, साधारण ३० ते ३०० मध्ये. त्याच्या खाली सेल नेला की ते चुकीच्याच सूत्रानं वॉल शिअर (भिंतीवरचं घर्षण) काढणार, आणि रेसिड्युअल (समीकरणात उरलेली चूक) मात्र छान खाली येत राहणार, कारण समीकरण नीट सुटतंय, फक्त ते चुकीचं समीकरण आहे.

आता माझी सवय सांगतो. मेशिंगला हात लावायच्या आधी कागदावर आकडा. वरच्याच पाईपला रेनॉल्ड्स नंबर (वेग गुणिले व्यास भागिले चिकटपणा) २ लाख, त्यावरून घर्षण वेग साधारण ०.०९ मीटर प्रति सेकंद निघतो, म्हणजे वाय प्लस १ पाहिजे तर अंतर ०.०११ मिमी आणि ५० पाहिजे तर अर्धा मिमीच्या थोडं वर. ओपनफोम या मोफत सीएफडी सॉफ्टवेअरमध्ये हे अंतर सेलच्या मध्यापर्यंतचं असतं, त्यामुळं सेलची जाडी दुप्पट धरायची, हे निम्मे लोक विसरतात. मग ठरवायचं, एकतर ३० च्या वर राहा नाहीतर सरळ १ पर्यंत जा, मधे लोंबकळू नका. व्हॉल्व्हच्या डिस्कमागं फ्लो सुटतो आणि तिथं के-एप्सिलॉन कच्चं पडतं, म्हणून मी तिथं मेंटरचं १९९४ चं के-ओमेगा एसएसटीच घेतो, प्रिझम लेयर (भिंतीलगतचे पातळ सेलचे थर) व्यवस्थित देऊन. "पण त्यात ऑटोमॅटिक वॉल ट्रीटमेंट असते की" असं ऐकवणारे भेटतात. असते, पण ती थोडंफार सांभाळून घेते, तुमचा आळस भरून काढत नाही. आणि वाय प्लसची सरासरी बघून खूश होऊ नका, कंटूर काढून बघा.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे ट्युटोरियलचा फोल्डर कॉपी करून फक्त भूमिती बदलणं. ओपनफोमच्या पिट्झडेली या ट्युटोरियल केसमध्ये इनलेटला के (टर्ब्युलन्सची ऊर्जा) ०.३७५ आहे, कारण तिथं हवेचा वेग १० आहे आणि टर्ब्युलन्स इंटेन्सिटी ५ टक्के. तोच ०.३७५ तुम्ही २ मीटरच्या पाण्याला लावला की इंटेन्सिटी होते २५ टक्के! तुमच्या केसला ५ टक्क्यांनी हिशोब केला तर के येतो ०.०१५. वर त्या केसमधली व्हिस्कॉसिटी (चिकटपणा) १० चा उणे ५ वा घात आहे आणि पाण्याची उणे ६ वा, म्हणजे रेनॉल्ड्स नंबरच १० पट चुकला. दोन मिनिटांचा गुणाकार आहे भावा, पण घाई सगळ्यांनाच.

क्लस्टर (जोडलेल्या मशीनचा संच) मिळाला की तर लोकांना उधाण येतं. ८ लाख सेलची केस २५६ कोअरवर टाकणार, म्हणजे कोअरला तीन-सव्वातीन हजार सेल. दोन गुंठ्यातला ऊस तोडायला दहा टोळ्या उतरवल्यासारखं, कोयता कमी आणि "सरक की तिकडं" जास्त. सगळा वेळ एमपीआयच्या, म्हणजे कोअर-कोअरमधल्या, निरोपानिरोपीत जातो. मी कोअरला तीस-चाळीस हजार सेल धरून सुरुवात करतो, म्हणजे या केसला २४ कोअर बास, मग दुप्पट करून शंभरेक इटरेशनचा वेळ बघतो, फरक पडला तर ठेवतो नाहीतर परत खाली. घरच्या मशीनवर पण तेच, १६ कोअर आहेत म्हणून १६ वापरले तर पळेलच असं नाही, हे सोल्व्हर बहुतेक वेळा मेमरी बँडविड्थला अडतात. हायपरथ्रेडिंगचे खोटे कोअर तर मोजूच नका.

क्लस्टरच्या लॉगिन नोडवर (सगळे जिथून आत शिरतात त्या मशीनवर) सोल्व्हर चालवू नका. अ‍ॅडमिन जॉब मारतो आणि शिव्या सगळ्या ग्रुपला बसतात.

फर्स्ट ऑर्डर अपविंड (स्थिर पण ढोबळ गणितपद्धत) सुरुवातीला ठीक, शेवटच्या उत्तराला नाही.

नुसत्या रेसिड्युअलवर विसंबू नका, प्रेशर ड्रॉपचा मॉनिटर लावा, तो सपाट झाल्याशिवाय थांबायचं नाही.

आउटलेट व्हॉल्व्हला चिकटवून ठेवायचा आणि बॅकफ्लो येतोय म्हणून रडायचं, हे बंद करा. मागं किमान दहा व्यास पाईप द्या.

चेकमेश (ओपनफोमची मेश तपासणारी कमांड) लाल झेंडा दाखवत असताना "बघू पुढं" म्हणून रन टाकायचा नाही. नॉन-ऑर्थोगोनॅलिटी (सेलचा तिरकेपणा) ७० अंशांच्या वर गेली की आधी मेश दुरुस्त.

ट्रान्झियंट (काळानुसार बदलणाऱ्या) केसमध्ये प्रत्येक टाइम स्टेप सेव्ह करणाऱ्यांनी निदान पर्जराईट, म्हणजे जुन्या फाइल्स आपोआप पुसायचं सेटिंग, तरी लावावं, कोटा भरला की रात्री दोनला रन मरतो आणि सकाळी मला फोन येतो.

आणि टू-डी मेशवर एलईएस (मोठे भोवरे थेट सोडवणारी पद्धत) करून भोवऱ्यांचे रंगीत व्हिडिओ पाठवणाऱ्यांनो, व्हॉर्टेक्स स्ट्रेचिंग (भोवरे ताणले जाणं) टू-डीमध्ये होतच नाही, तेव्हा त्याला टर्ब्युलन्स म्हणू नका. व्हिडिओ स्टेटसला ठेवा, रिपोर्टमध्ये घालू नका.