पावातल्या पदार्थाची जन्मकथा कशी तपासावी

वडापाव, दाबेली किंवा पावभाजी विकणाऱ्या दुकानांवर 'आद्य', 'मूळ' आणि 'सर्वप्रथम' हे शब्द आता 'आमची कोठेही शाखा नाही' या पाटीइतकेच सर्रास दिसू लागले आहेत. एखाद्या स्मरणिकेसाठी, दिवाळी अंकासाठी किंवा आपल्या शहराच्या इतिहासासाठी अशा पदार्थाविषयी लिहायची वेळ आली, की बहुतेक जण ऐकीव कथा जशीच्या तशी उतरवून घेतात, पुढचा लेखक ती तेथून उचलतो आणि काही वर्षांत ती कथा छापील पुराव्याच्या थाटात वावरू लागते. अशी कथा तपासण्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही. मात्र कामाचा क्रम चुकला, तर पुष्कळ पायपीट करूनही हाती फक्त गप्पा उरतात. येथे तो क्रम मुख्यतः वडापावाच्या आधारे मांडला आहे.

दावा नेमका कशाचा, हे आधी लिहून काढावे

'वडापावाचा शोध अमुक यांनी लावला' हे विधान आहे त्या रूपात तपासताच येत नाही, कारण त्याच्या पोटात निदान चार वेगळी विधाने दडलेली असतात: बटाटेवडा कोणी केला, तो पावात कोणी घातला, त्याला लसणाच्या सुक्या चटणीची जोड कोणी दिली आणि हे सारे एका ठरावीक जागी रोज विकायला कोणी सुरुवात केली. बटाटेवडा घराघरांत पूर्वीपासून होत असे आणि त्यावर कोणीही गंभीरपणे हक्क सांगत नाही. पावही जुनाच आहे. भांडण असते ते उरलेल्या गोष्टींवर, आणि भांडणारे पक्ष बहुधा एकाच गोष्टीविषयी बोलत नसतात.

सर्वाधिक प्रचलित कथेनुसार अशोक वैद्य यांनी १९६६ मध्ये दादर स्थानकाबाहेरच्या आपल्या गाडीवर वडापाव विकायला सुरुवात केली. शेजारी ऑम्लेट-पावाची गाडी होती आणि तिच्यावरचा पाव पाहून त्यांना ही जोडी सुचली, असे सांगतात. त्याच सुमारास दादर परिसरातच सुधाकर म्हात्रे यांनीही हा पदार्थ विकायला सुरुवात केल्याचे सांगितले जाते. कल्याणकर मात्र वझे कुटुंबाच्या खिडकी वड्याकडे बोट दाखवतात, कारण १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे कुटुंब घराच्या खिडकीतून वडे विकू लागले होते. तिन्ही कथा शेजारी शेजारी लिहून प्रत्येकीसमोर वरील चारपैकी कोणते विधान लागू होते, याची खूण केली, की त्या एकमेकींना खोडून काढत नाहीत हे ध्यानात येते. खिडकीतून वडा विकणे हा एक दावा आहे, स्थानकाबाहेर तो पावात घालून घाईच्या प्रवाशाच्या हातात देणे हा दुसरा. दादर आणि कल्याण यांच्यातला बराचसा वाद येथेच निवळतो. उरतो तो दादरमधल्या दादरमधला, आणि माझ्या मते पुराव्याच्या दृष्टीने तोच अधिक अवघड आहे.

अमेरिकेतल्या 'रूबेन' सँडविचचेही असेच झाले आहे. न्यूयॉर्कचे अर्नोल्ड रूबेन यांनी १९१४ च्या सुमारास आपल्या उपाहारगृहात ते केले, असा एक पक्ष आहे, तर ओमाहाचे किराणा व्यापारी रूबेन कुलाकोफ्स्की यांनी ब्लॅकस्टोन हॉटेलातल्या पत्त्यांच्या बैठकीत ते सुचवले, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे आहे. न्यूयॉर्कच्या पदार्थाची जी वर्णने सांगितली जातात त्यांत हॅम आणि टर्की असतात. ज्याला आज रूबेन म्हणतात त्यातले खारवलेले गोमांस आणि आंबवलेला कोबी त्यांत नसतात. नाव एकच असले तरी पदार्थ दोन आहेत.

पदार्थ स्वतः करून पाहावा

ही पायरी अनेकांना अनावश्यक वाटते, पण घटक सुटे करून पाहिल्याशिवाय कोणता घटक कशासाठी आला, हे कळत नाही. उकडलेले बटाटे हाताने जाडसर कुस्करून घ्यावेत. मोहरी, हिंग आणि हळद यांच्या फोडणीत आले, लसूण व हिरवी मिरची यांचे वाटण परतून ते बटाट्यांत मिसळावे, मीठ आणि चिरलेली कोथिंबीर घालून गोळे वळावेत. डाळीच्या पिठात मीठ, हळद, चिमूटभर सोडा आणि चमचाभर कडकडीत तेलाचे मोहन घालून, गोळ्याला पातळ थर धरून राहील इतपत सरसरीत पीठ भिजवावे आणि वडे मध्यम आचेवर तळावेत. सुक्या चटणीसाठी सुके खोबरे आणि लसूण वेगवेगळे भाजून, लाल तिखट व मीठ घालून भरड कुटावे. लसणाची सालं सगळी काढली नाहीत तरी चालते.

आता एक वडा नुसत्या पावात घालून खावा आणि दुसरा चटणी लावलेल्या पावात. पहिल्यात मऊ पावात मऊ बटाटा येतो, घास कोरडा लागतो आणि लगेच पाणी हवेसे वाटते. दुसऱ्यात चटणीचा तिखटपणा आणि भरडपणा पाव व वडा यांना सांधतो. सोबतची तळून मीठ लावलेली मिरची आणि कढईतला कुरकुरीत चुरा हेही त्याच कामाचे. चटणी कोरडी असल्यामुळे पाव ओला होत नाही आणि गाडीवर ती दिवसभर टिकते, ही तर विक्रेत्याच्या दृष्टीने मोठीच सोय. म्हणून मुलाखत घेताना 'वडा पावात कोणी घातला' यापेक्षा 'सुकी चटणी केव्हापासून, आणि त्याआधी वड्यासोबत काय देत होता' हा प्रश्न जास्त फळतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाकडे तयार असते. दुसऱ्याचे उत्तर देताना माणसाला खरोखर आठवावे लागते.

कथेतले साल पारखून घ्यावे

जन्मकथांतली साले प्रसिद्ध घटनांना चिकटतात. वडापावाचे साल १९६६ सांगितले जाते आणि शिवसेनेची स्थापनाही १९ जून १९६६ चीच आहे. मराठी तरुणांनी छोटे व्यवसाय सुरू करावेत, या बाळासाहेब ठाकरे यांच्या आवाहनामुळे वैद्य यांची गाडी सुरू झाली, असे कथेच्या एका पाठात येते. ते खरे असेल, तर गाडी १९ जूननंतरचीच असली पाहिजे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण ठाकरे यांचे 'मार्मिक' साप्ताहिक १९६० पासूनच निघत होते आणि मराठी माणसाच्या नोकरी-व्यवसायाचा विषय संघटना स्थापन होण्याआधीपासून त्यात गाजत होता. म्हणजे आवाहन आणि स्थापना या गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात, आणि साल स्मरणातून आले आहे की सोयीने जुळवले गेले आहे, हे ठरवण्यासाठी स्वतंत्र पुरावा शोधावा लागतो.

साल पारखण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे नाणे. कच्छमधल्या मांडवीच्या दाबेलीची जी कथा सांगतात, तिच्यात १९६० च्या दशकात केशवजी गाभा चुडासमा यांनी ती एका आण्याला विकायला सुरुवात केल्याचे येते. दशमान नाणेपद्धती १ एप्रिल १९५७ पासून लागू झाली, तेव्हा या दशकात आणा अधिकृत चलन म्हणून मागे पडत चालला होता. एवढ्यावरून कथा खोटी ठरवू नये. आणा म्हणजे सव्वासहा पैसे, व्यवहारात सहा पैसे, असा हिशेब लोक नंतरही तोंडी करत राहिले. पंचवीस पैशांना 'चार आणे' म्हणणारी माणसे तर आजही भेटतात. येथे नाण्यामुळे दावा पडत नाही आणि सिद्धही होत नाही, तरीही अशी चाचणी करून तिचा निकाल टिपून ठेवावा. कथा मोडण्यासाठीच तपासायची असते, असे नव्हे.

काही वेळा मात्र कथा मोडते. पावभाजीविषयी असे सांगतात, की अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात मुंबईच्या कापसाला अचानक मागणी आली, परदेशातून भावांच्या तारा रात्री येत असल्यामुळे व्यापारी व दलाल रात्रभर जागे राहत आणि त्यांच्यासाठी उरलेल्या भाज्या कुस्करून पावासोबत देण्याची रीत पडली. कापसाची तेजी खरी आहे. पण यादवी युद्ध १८६१ ते १८६५ या काळात झाले. भारताचा युरोपशी तारसंपर्क इराणच्या आखातातून जेमतेम १८६५ च्या सुरुवातीला जोडला गेला, अटलांटिक महासागरातली टिकाऊ केबल १८६६ मध्ये पडली आणि मुंबईला सुएझमार्गे समुद्री केबल १८७० मध्ये मिळाली. युद्धाच्या बहुतेक काळात रात्री येण्यासारख्या तारा नव्हत्याच. बातमी बोटीने येत असे. रात्री जागणाऱ्या व्यापाऱ्यांचा भाग खरा असला, तरी तो नंतरच्या काळातला असला पाहिजे. असा दोष सापडला, की 'पूर्ण कथा काल्पनिक' असा शेरा मारण्याऐवजी नेमका कोणता तपशील कालगणनेत बसत नाही, तेवढेच लिहावे.

उगम आणि प्रसार यांचीही गल्लत होऊ देऊ नये. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे अनेक कामगार कुटुंबांनी वडापावाच्या गाड्या टाकल्या, हे गिरणगावात आवर्जून सांगितले जाते. ही प्रसाराची कथा आहे. 'वडापाव संपातून जन्मला' असे वाक्य कोणी लिहिले असेल, तर ते तेवढ्याच कारणासाठी बाजूला ठेवावे.

कागद शोधावा

लिखित उल्लेखाची तारीख उगमाची तारीख नसते. 'या तारखेपूर्वी पदार्थ अस्तित्वात होता' एवढेच ती सांगते. पण ते 'एवढेच' फार मोलाचे असते. सँडविच या प्रकाराचेच उदाहरण घ्या. सँडविचचे चौथे अर्ल (इंग्लिश उमराव) जॉन माँटेग्यू जुगाराच्या टेबलावरून उठायला तयार नव्हते म्हणून हा पदार्थ जन्मला, ही कथा पियेर-झाँ ग्रोले या फ्रेंच प्रवाशाच्या १७७० मधल्या लंडनविषयक पुस्तकातून पसरली. इंग्लिश इतिहासकार एडवर्ड गिबन यांच्या २४ नोव्हेंबर १७६२ च्या रोजनिशीत मात्र लंडनच्या क्लबात लोक सँडविच खात असल्याची नोंद आहे, आणि ते काय असते हे सांगण्याची गरज गिबन यांना वाटलेली नाही. म्हणजे जुगाराची कथा छापली जाण्याच्या आठ वर्षे आधीच हा पदार्थ लंडनच्या उच्चभ्रू वर्तुळात परिचित होता. रूबेनच्या वादातही ओमाहाची बाजू बळकट झाली ती ब्लॅकस्टोन हॉटेलच्या १९३४ सालच्या मेनूकार्डामुळे, कुटुंबीयांच्या आठवणींमुळे नव्हे.

आपल्याकडे गाडीवाल्याचे मेनूकार्ड नसते, ही खरी अडचण. तरी परवाने, दंडाच्या पावत्या, बेकरीची उधारीची वही, दुकानासमोर काढलेले लग्नाच्या वरातीचे छायाचित्र आणि वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिराती यांपैकी काही ना काही सापडू शकते. बेकरीची वही सहसा कोणी मागत नाही, म्हणून ती आधी मागावी. वडेवाला रोज किती लाद्या उचलत होता आणि केव्हापासून, हे तिच्यात असते. मुंबईपुरते बोलायचे, तर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातली जुनी नियतकालिके पाहावीत. महापालिकेकडे परवान्याची नोंद मागायची असल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करावा: राज्यात त्यासाठी दहा रुपयांचे शुल्क असते, एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा असते आणि उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. 'सर्व जुनी कागदपत्रे द्यावीत' असे लिहिल्यास अर्ज बहुधा फेटाळला जातो. रस्त्याचे नाव, परवानाधारकाचे नाव आणि पाच वर्षांचा कालखंड द्यावा.

मुलाखत आणि लेखन

वयस्कर विक्रेत्याला किंवा गिऱ्हाइकाला थेट साल विचारू नये. 'कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही येथे वडापाव खात होता का?' असे विचारले, तर ११ डिसेंबर १९६७ ही तारीख आपोआप हाती येते. १९७१ चे युद्ध आणि १९७२ चा दुष्काळ हेही असेच खुंट आहेत. किंमत विचारताना तिच्यासोबत लोकलच्या तिकिटाची किंवा चहाच्या कपाची त्या वेळची किंमतही विचारावी, म्हणजे उत्तर पडताळता येते. कुटुंबातल्या दोघांना एकत्र बसवू नये, कारण धाकटा थोरल्याचेच ऐकून बोलतो. शक्य असल्यास प्रतिस्पर्धी गाडीवाल्यालाही भेटावे. तो 'पहिले तेच' असे नाइलाजाने मान्य करत असेल, तर त्या एका वाक्याचे वजन घरच्यांच्या दहा आठवणींहून अधिक आहे.

लिहिताना 'पहिला' हा शब्द टाळून 'आजवर मिळालेला सर्वांत जुना उल्लेख' असे लिहावे. प्रत्येक विधानाशेजारी ते कागदावरून आले, प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या तोंडून आले की ऐकीव आहे, हे नोंदवावे आणि परस्परविरोधी कथा गाळू नयेत. ध्वनिमुद्रणे व कागदांच्या छायाप्रती, सांगणाऱ्याची लेखी परवानगी घेऊन, गावच्या सार्वजनिक वाचनालयात एका पाकिटात ठेवाव्यात. पाकिटावर मुलाखतीची तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचे त्या वेळचे वय लिहायला विसरू नये.