जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी देखभाल चालू असलेला मुक्त स्रोत ब्राउझर कसा निवडावा

विंडोज ७ वर क्रोमची १०९ वी आवृत्ती आजही उघडते आणि बहुतेक पाने नीट दाखवते. वरच्या बाजूला नव्या विंडोजची मागणी करणारी एक पट्टी दिसते, पण ती बंद केली की सगळे पूर्वीसारखेच वाटू लागते. प्रत्यक्षात फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० व्या आवृत्तीपासून क्रोमने विंडोज ७ आणि ८.१ यांची साथ सोडली असून, तेव्हापासून सापडलेल्या बहुतांश सुरक्षा त्रुटी तेथे तशाच राहिल्या आहेत. त्यामुळे जुन्या संगणकासाठी ब्राउझर निवडताना तो चालतो का, यापेक्षा त्यात शेवटची सुरक्षा दुरुस्ती कधी आली, हे आधी पाहावे.

सुरुवात आपली सिस्टिम नेमकी ओळखण्यापासून करावी. विंडोजमध्ये विंडोज कळ आणि आर एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत विनव्हर (winver) ही आज्ञा दिली की आवृत्ती आणि सर्व्हिस पॅक दोन्ही कळतात. सिस्टिम ३२ बिटची आहे की ६४ बिटची, हेही पाहून ठेवावे. फार जुन्या संगणकांच्या बाबतीत प्रोसेसरचाही प्रश्न येतो: विंडोजवरील फायरफॉक्सला ४९ व्या आवृत्तीपासून एसएसई२ आणि क्रोमला ८९ व्या आवृत्तीपासून एसएसई३ या सूचनासंचांची, म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांच्या गटांची, गरज लागते, आणि ते नसतील तर ब्राउझर कितीही हलका असला तरी सुरूच होत नाही.

विंडोज ७, ८ किंवा ८.१ असेल, अथवा मॅकओएस १०.१२ ते १०.१४ असेल, तर प्रथम फायरफॉक्स ११५ ईएसआर पाहावा. ईएसआर म्हणजे दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती. तिच्यात नव्या सोयी येत नाहीत, पण सुरक्षा दुरुस्त्या येत राहतात. जुलै २०२३ मध्ये आलेल्या या आवृत्तीची मुदत आरंभी सप्टेंबर २०२४ पर्यंत होती आणि मोझिलाने ती जुन्या सिस्टिमसाठी एकापेक्षा अधिक वेळा वाढवली, म्हणून उतरवून घेण्यापूर्वी चालू मुदत मोझिलाच्या अधिकृत पानावर तपासावी. ती संपलेली नसेल, तर माझ्या मते फार शोधाशोध करण्याचे कारण नाही. ती संपलेली असेल, किंवा सिस्टिम याहूनही जुनी असेल, तर मूळ प्रकल्पापासून फुटलेल्या शाखांकडे, म्हणजेच फोर्ककडे वळावे लागते. एक्सपी आणि व्हिस्टा यांच्यासाठी फायरफॉक्सची शेवटची मालिका ५२ ईएसआर ही होती आणि तिच्या दुरुस्त्या २०१८ मध्येच थांबल्या.

सुपरमियम हा क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्या मुळाशी असलेल्या मुक्त स्रोत प्रकल्पावर, आधारलेला फोर्क एक्सपीपासून पुढच्या विंडोजवर चालावा यासाठीच बनवला आहे, आणि आजच्या संकेतस्थळांशी त्याचे सर्वांत चांगले जुळते. पेल मून हा ब्राउझर पाने दाखवण्यासाठी गोअॅना हे स्वतःचे इंजिन वापरतो, विंडोज ७ वर चालतो आणि कमी मेमरीत भागवतो. मात्र तो सगळी पाने एकाच प्रक्रियेत चालवतो, त्यामुळे एका पानातील हल्ला इतर पानांपासून दूर ठेवणारी भिंत त्यात नाही, शिवाय अगदी नव्या घडणीची काही संकेतस्थळे त्यात अडखळतात. एक्सपीवर मायपाल हा फायरफॉक्सच्या ६८ व्या आवृत्तीपासून निघालेला पर्यायही वापरला जातो.

फोर्क जिवंत आहे की नाही, हे त्याच्या मुखपृष्ठावरून कळत नाही. प्रकल्पाचे स्रोत भांडार, म्हणजे त्याचा कोड ठेवलेली जागा, उघडावे आणि प्रकाशित आवृत्त्यांच्या यादीत शेवटची तारीख पाहावी. नंतर ती आवृत्ती क्रोमियमच्या किंवा फायरफॉक्सच्या कोणत्या क्रमांकावर उभी आहे ते पाहून चालू क्रमांकाशी ताडून पाहावे. क्रोमियमची मोठी आवृत्ती २०२१ पासून साधारण दर चार आठवड्यांनी येत आली आहे, म्हणून चार क्रमांकांची पिछाडी म्हणजे सुमारे चार महिन्यांचे अंतर. मधल्या आवृत्त्यांतील दुरुस्त्या त्या जुन्या आवृत्तीत आणून जोडल्याचे बदलांच्या नोंदीत दिसत नसेल, तर ती पिछाडी धोक्याची समजावी.

त्याहून नेमकी कसोटी एखाद्या गाजलेल्या त्रुटीची आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी प्रतिमा वाचणाऱ्या लिबवेबपी या घटकात सीव्हीई-२०२३-४८६३ (CVE-2023-4863; सीव्हीई हा सुरक्षा त्रुटींना दिला जाणारा सार्वजनिक क्रमांक) ही त्रुटी उघड झाली; केवळ एक प्रतिमा दाखवताना हल्लेखोराला आत शिरता येईल अशी ती होती, तिचा प्रत्यक्ष वापरही होत होता, आणि क्रोम व फायरफॉक्स या दोघांनीही ती त्याच महिन्यात बुजवली. तेव्हा अस्तित्वात असलेल्या फोर्कच्या बदलांच्या नोंदीत हा क्रमांक शोधावा आणि दुरुस्ती किती दिवसांनी आली ते पाहावे. काही दिवसांत आली असेल तर देखभाल करणारा जागरूक आहे. कित्येक महिने लागले असतील, किंवा उल्लेखच नसेल, तर तो फोर्क सोडून द्यावा. एकच व्यक्ती सगळे काम पाहत असेल तर तेही ध्यानात ठेवावे, कारण तिने हात आखडला की प्रकल्प थांबतो.

एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते: प्रमाणपत्रे, म्हणजे संकेतस्थळ खरे असल्याची खात्री पटवणारी डिजिटल ओळखपत्रे. संकेतस्थळांना मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेला आधार देणारे जुने मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपले, तेव्हा अनेक जुन्या सिस्टिमवर सुरक्षित संकेतस्थळे अचानक उघडेनाशी झाली. फायरफॉक्सला त्याची झळ कमी बसली, कारण तो सिस्टिमवर न विसंबता प्रमाणपत्रांची यादी आणि टीएलएसची, म्हणजे सुरक्षित जोडणीची, यंत्रणा स्वतःजवळ बाळगतो. तरी ही यादीही शिळी होऊ शकते. १४ मार्च २०२५ रोजी मोझिलाचे एक मूळ प्रमाणपत्र संपले, आणि १२८ पेक्षा जुन्या फायरफॉक्सवर, तसेच ११५.१३ पेक्षा जुन्या ईएसआरवर, विस्तारके (ब्राउझरला जोडलेली छोटी पूरक साधने) बंद पडण्यासारख्या अडचणी येण्याचा इशारा मोझिलाने दिला होता.

जुन्या लिनक्सवर बहुधा वितरणाच्या भांडारातील ब्राउझर आधी शिळा होतो. तेथे मोझिलाच्या स्थळावरील कॉम्प्रेस केलेली फाइल आपल्या होम फोल्डरमध्ये उलगडून थेट चालवता येते. फायरफॉक्स ११५ ला त्यासाठी जीलिबसी २.१७ आणि जीटीके ३.१४ किंवा त्यापुढची आवृत्ती पुरते; हे दोन्ही लिनक्समधील पायाभूत सॉफ्टवेअर घटक आहेत.

निवड झाल्यावर फाइल प्रकल्पाच्या अधिकृत पानावरूनच घ्यावी. जुन्या सॉफ्टवेअरचा साठा करणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहावे. प्रकल्पाने एसएचए-२५६ बेरीज, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ओळखण्याची खूण, दिली असेल तर विंडोजमधील सर्टयुटिल (certutil) या आज्ञेने ती ताडून पाहता येते. जुन्या ब्राउझरच्या प्रोफाइल फोल्डरची, म्हणजे आपल्या खुणा आणि मांडणी साठवणाऱ्या फोल्डरची, प्रत आधी बाजूला काढावी, कारण नव्या आवृत्तीने एकदा वापरलेले प्रोफाइल जुना फायरफॉक्स सहसा उघडू देत नाही. जाहिराती आणि अनोळखी स्क्रिप्ट अडवणारे यूब्लॉक ओरिजिन हे विस्तारक लगेच बसवावे, याने वेगही वाढतो. सिस्टिमच्या गाभ्यातील त्रुटी मात्र कोणताही ब्राउझर बुजवू शकत नाही, तेव्हा बँकेचे व्यवहार आणि मुख्य ईमेल यांसाठी दुसरे, अद्ययावत उपकरण वापरावे आणि जुन्या संगणकाचा उपयोग वाचनापुरता ठेवावा.