सोलरचं ड्रॉइंग काढण्याआधी डिसेंबरची सावली काढा

नुकतीच नोकरी धरलेले दोघे-तिघे ज्युनियर आर्किटेक्ट सोलरबद्दल विचारत होते, म्हणून लिहिते. नेट मीटर (ग्रिडला दिलेली आणि ग्रिडकडून घेतलेली वीज मोजणारा), सबसिडी, एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी गच्ची, हे तुम्हाला माहीत असेलच. गोची आहे ती ‘मोकळी’ या शब्दात.

पुण्यातला बंगला, माझं स्वतंत्रपणे केलेलं पहिलं काम. वास्तूप्रमाणे पाण्याची टाकी नैऋत्येला, जिन्याच्या खोलीवर. मी गच्ची पाहिली मे महिन्यात, भर दुपारी. मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य थेट डोक्यावर येतो, त्यामुळे टाकीची सावली तिच्या पायाशीच होती. मी निर्धास्तपणे पॅनेल आखले आणि आग्नेय कोपऱ्यात बसायची जागा काढली. डिसेंबरात घरमालक काकांचा फोन आला, “मॅडम, साडेतीनला सोलरची वीज एकदम कमी होते हो.”

हे नीट समजून घ्या. २१ डिसेंबरला पुण्यात मध्यान्हीलाही सूर्य जेमतेम ४८ अंशांवर असतो. दुपारी साडेतीनच्या सुमारास तो साधारण ३० अंशांवर उतरतो, तोही जवळजवळ नैऋत्येला. म्हणजे सावली ईशान्येकडे, उंचीच्या पावणेदोन पट. टाकीचा माथा गच्चीपासून साडेचार मीटर असेल तर सावली आठ मीटर, गच्चीला तिरकी कापत जाणारी! पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका सेलवर सावली आली तरी त्याच्या अख्ख्या ओळीची वीज जाते. बायपास डायोड (सावलीतल्या ओळीला वळसा घालून वीज पुढे नेणारा भाग) बाकीच्या ओळी वाचवतो, ती ओळ नाही.

शेवटी बसायची जागा मोडून चार पॅनेल तिकडे हलवले. खर्च माझ्या फीमधून गेला. खूप रडले होते तेव्हा.

“सोलरचं व्हेंडर बघून घेईल” असं सांगणाऱ्या सिनियरचं ऐकू नका. व्हेंडर येतो तेव्हा टाकी बांधून झालेली असते. आठवड्याभराच्या सर्टिफिकेट कोर्सवरही पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये इमारतीचं मॉडेल करून गावाचं ठिकाण टाका, तारीख २१ डिसेंबर ठेवा आणि सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीनच्या सावल्या तपासा. अर्ध्या तासाचं काम आहे. तुम्हाला जमेल, घाबरू नका.

पॅनेलच्या चौकटीचे पेडेस्टल (चौकट ज्यांवर उभी राहते ते छोटे ओटे) मात्र वॉटरप्रूफिंगच्या आधीच करून घ्या. नंतर स्लॅबला भोकं पाडलीत तर गळती तुमच्याच नावावर लागते.

वास्तूवरून घरमालकाशी वाद घालू नका, त्यात माझं एक काम गेलं. टाकी नैऋत्येलाच हवी असेल तर राहू द्या, फक्त एका उंच टाकीऐवजी दोन बुटक्या टाक्या सुचवा आणि त्या जिन्याच्या खोलीवर न चढवता गच्चीवरच कमी उंचीच्या ओट्यावर ठेवा. वरच्या मजल्यावर पाण्याचा जोर कमी पडेल, त्यासाठी प्रेशर पंपाची जागा आणि वायरिंग पहिल्याच ड्रॉइंगमध्ये दाखवा.