उंच डोंगरांतील शिकार : गोळी झाडण्याआधीच्या आणि नंतरच्या या चुका टाळा

ज्या देशांत परवाना काढून शिकार करण्यास कायद्याने मुभा आहे, तेथे उंच डोंगरात जाणारा शिकारी सावज कसे गाठायचे याचा पुष्कळ विचार करून निघालेला असतो. सावज पडल्यानंतर त्या जागेवरून आपण परत कसे येणार, हा विचार मात्र बहुधा गोळी सुटल्यावरच सुरू होतो. गिर्यारोहक वाट पाहून पाय टाकतो, तर शिकाऱ्याचे पाय जनावर जिकडे जाईल तिकडे वळतात. त्यामुळे एरवी ज्या नाळेत, म्हणजे अरुंद घळीत, कोणी उतरणार नाही, त्या नाळेत तो संध्याकाळच्या वेळी, थकलेल्या अंगाने आणि हातात बंदूक घेऊन उतरतो. पुढे दिलेल्या बहुतेक चुकांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

परतीचा हिशेब न करता गोळी झाडणे

उत्तर अमेरिकेतील एल्क हे मोठ्या हरणाच्या जातीचे जनावर घ्या. पूर्ण वाढ झालेल्या नराचे वजन ३०० किलोंच्या आसपास असते आणि हाडे काढून टाकली तरी सुमारे १०० किलो मांस उरते. एका माणसाने उताराच्या, वाट नसलेल्या जागेतून २५ किलोंचे ओझे न्यायचे म्हटले, तर चार खेपा होतात. तळ ४ किलोमीटर अंतरावर असेल तर चार वेळा भरल्या पाठीने जाणे आणि तीन वेळा रिकाम्या पाठीने परत येणे मिळून २८ किलोमीटरची चाल होते, आणि तीही जनावर सोलण्या-कापण्याचे काही तासांचे काम उरकल्यानंतर. नकाशावर ४ किलोमीटर हा आकडा अगदी किरकोळ दिसतो, म्हणूनच तो फसवतो.

त्यामुळे नेम धरण्याआधी उजेड किती उरला आहे, मधे किती चढ-उतार आहे आणि ओझे वाहायला माणसे किती आहेत, या तीन गोष्टी पाहाव्यात. तळाच्या ७०० मीटर खाली, दरीच्या पोटात उभे असलेले जनावर कितीही देखणे असले तरी बहुतेक वेळा सोडून देणेच योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे. गोळी उशिरा लागलीच, तर सगळे मांस त्याच रात्री खाली नेण्याचा हट्ट धरू नये. कातडे काढून, तुकडे वेगळे करून आणि ते हवा खेळेल अशा कापडी पिशव्यांत घालून सावलीच्या बाजूला टांगले, तर थंड हवेत मांस रात्रभर चांगले टिकते. अंधारात, घसाऱ्यावरून म्हणजे सुट्या दगडांच्या उतारावरून, पाठीवर ओझे घेऊन उतरताना मोडलेला पाय मात्र सकाळपर्यंत थांबत नाही.

सोलताना आणि मांसाजवळ परतताना गाफील राहणे

दिवसभराची दमछाक, बधिर झालेली बोटे, रक्ताने निसरडी झालेली मूठ आणि डोक्याला लावलेल्या दिव्याचा अपुरा उजेड, अशा स्थितीत धारदार सुरी चालते. सुरी नेहमी अंगापासून दूर चालवावी, मांडीच्या दिशेने कधीही ओढू नये, आणि दोघे जण असल्यास दोघांनी एकाच वेळी एकाच भागावर सुरी लावू नये. मांडीची रोहिणी, म्हणजे तेथील मोठी रक्तवाहिनी, कापली गेली, तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. त्यासाठी रक्तबंध, म्हणजे टूर्निके, पिशवीच्या तळाशी न ठेवता एका हाताने काढता येईल असा ठेवावा. तो जखमेच्या चार-पाच बोटे वर, सांध्यावर येणार नाही अशा बेताने रक्त थांबेपर्यंत आवळावा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवावी. दुखते म्हणून मधेच सैल करणे ही नेहमीची चूक आहे. वैद्यकीय मदत मिळेपर्यंत तो तसाच राहू द्यावा.

अस्वलांच्या प्रदेशात आतड्यांचा ढीग हेच मोठे आमंत्रण असते. मांस त्या ढिगापासून निदान १०० मीटर दूर, आणि परत येताना लांबून दुर्बिणीने दिसेल अशा उघड्या जागी ठेवावे. परतताना दबक्या पावलांनी येण्याची शिकाऱ्याची सवय येथे घातक ठरते. मोठ्याने बोलत यावे, आधी दुर्बिणीतून पाहावे, आणि अस्वलाने मांसाचा ताबा घेतलेला दिसला तर ते सोडून द्यावे. अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा कमरेला असावा, कारण तो काही मीटरच पोचतो आणि वापरायला दोन-तीन सेकंदच मिळतात. हे सांगावे लागावे याचे नवल वाटते, पण तो डासांच्या औषधासारखा अंगाला किंवा तंबूला मारण्यासाठी नसतो. उलट वाळलेल्या फवाऱ्याच्या वासाने अस्वले जवळ येत असल्याचे दिसून आले आहे.

बंदूक भरलेली ठेवून चढणे

घसारा, कोसळलेली झाडे, ओढा किंवा कातळटप्पा पार करताना बंदुकीचे चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, रिकामे असलेच पाहिजे. केवळ सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी कळ, लावणे पुरेसे नाही, कारण सेफ्टी हा यंत्राचा भाग आहे आणि तो फांदीला अडकून सरकू शकतो. अवघड टप्प्यावर बंदूक रिकामी करून आधी एकाने वर जावे, मग नळी कोणाकडेही वळणार नाही अशा रीतीने ती त्याच्या हाती द्यावी. सावज जवळ आहे या उत्साहात हा नियम मोडला जातो. पडल्यावर नळीच्या तोंडात बर्फ किंवा चिखल गेला असेल तर बंदूक रिकामी करून नळी आरपार पाहिल्याशिवाय पुढची गोळी झाडू नये. चोंदलेल्या नळीतून गोळी सुटल्यास नळी फाटते.

डोंगराच्या धारेवर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभ्या असलेल्या जनावरावर गोळी झाडू नये. शिकारी रायफलची गोळी ३ ते ४ किलोमीटर सहज जाऊ शकते आणि धारेपलीकडे कोण आहे हे आपल्याला दिसत नाही. दूरची हालचाल रायफलच्या दुर्बिणीतून न्याहाळण्याची सवयही तितकीच वाईट आहे, कारण ती हालचाल माणसाची निघाली तर आपण त्याच्यावर बंदूक रोखलेली असते. भडक नारिंगी कपडे घातल्याने हरीण बिचकते ही समजूत चुकीची आहे. हरणांच्या डोळ्यांत लाल-नारिंगी छटा ओळखणाऱ्या पेशी नसतात, त्यामुळे माणसाला लांबून दिसणारा हा रंग त्यांना मंदच दिसतो.

उंचीचा त्रास थकवा समजून अंगावर काढणे

सुमारे २५०० मीटरच्या वर गेल्यावर डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, चक्कर आणि गळून जाणे ही लक्षणे दिसली, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजावा. समुद्रसपाटीवरून गाडीने येऊन दुसऱ्याच दिवशी ३००० मीटरवर तळ टाकणारा शिकारी याला हमखास बळी पडतो, कारण शिकारीच्या हंगामाचे मोजके दिवस त्याला वाया घालवायचे नसतात. ३००० मीटरच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे.

साधी लक्षणे असतील तर वर जाणे थांबवून विश्रांती घेतल्याने बहुधा एक-दोन दिवसांत आराम पडतो. मात्र बसल्या जागी धाप लागत असेल, खोकल्यातून फेस येत असेल, किंवा टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालताना तोल जात असेल, तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचू लागल्याची ती खूण आहे. अशा वेळी सकाळची वाट न पाहता, सोबतीला माणूस देऊन खाली उतरवणे हाच उपाय आहे. औषधे असतील तर ती उतरता उतरता द्यावीत, उतरण्याऐवजी नव्हे. आजारी माणूस ‘मी ठीक आहे’ म्हणतो, त्यावर विसंबू नये, आणि त्याच्याजवळची बंदूक काढून घ्यावी.

घामाने भिजून वाऱ्यावर बसणे

पहाटेच्या अंधारात तासभर चढ चढायचा, धारेवर पोचायचे आणि मग दुर्बीण लावून दोन-तीन तास निश्चल बसायचे, हा डोंगरी शिकारीचा नित्यक्रमच आहे. चढताना आलेला घाम बसल्यावर अंगातील ऊब ओढून घेतो. त्यातच दर १००० मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरते आणि वारा त्यात भर घालतो. चढ सुरू करताना थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे अंगावर ठेवावेत, सुती कपडे टाळावेत, आणि बसण्याआधी, म्हणजे हुडहुडी भरण्याची वाट न पाहता, आतला ओला थर बदलावा.

शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की बोलणे अडखळते, बोटांना काडतूस किंवा झिप धरवत नाही, माणूस चिडचिडा किंवा उदासीन होतो. थंडीने कुडकुडणारा माणूस अचानक कुडकुडायचा थांबला आणि तरीही गारच असला, तर त्याला बरे वाटत नसून त्याची प्रकृती बिघडत आहे. ओले कपडे काढावेत, खाली जाड थर घालून त्याला आडवे करावे, झोपण्याच्या पिशवीत घालून छाती आणि काखांजवळ कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात. शुद्धीवर असून गिळता येत असेल तर गोड, कोमट पेय द्यावे. हातपाय चोळू नयेत, आणि मद्य तर मुळीच देऊ नये.

सामान ऐन वेळी का बंद पडते

गॅसची शेगडी पहाटे पेटत नसेल तर डबा रिकामा असतोच असे नाही. साधा ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होईनासा होतो. आयसोब्यूटेन-प्रोपेनचे मिश्रण घ्यावे आणि डबा रात्री झोपण्याच्या पिशवीत उबेला ठेवावा. मात्र बंद तंबूत शेगडी लावू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पोकळ तंतूंचा पाण्याचा फिल्टर एकदा आतून गोठला की त्याचे तंतू फुटतात आणि पाणी वाहत राहिले तरी ते गाळले जात नाही. असा फिल्टर टाकून द्यावा आणि २००० मीटरच्या वर पाणी तीन मिनिटे उकळून प्यावे. फोन थंडीत बंद पडतो, म्हणून तो आतल्या खिशात, विमान-मोडवर ठेवावा.

मदत मागण्याची तयारी अर्धवट ठेवणे

उपग्रहाशी जोडलेले संदेशयंत्र बरोबर असले तरी ते तळावरच्या पिशवीत राहिले तर उपयोग नाही. ते अंगावर असावे. खोल घळीत आकाशाचा तुकडाच दिसत असल्याने संदेश जायला वेळ लागतो, त्यामुळे जमल्यास थोडे वर, उघड्यावर यावे. घरी ठेवलेल्या चिठ्ठीत तळाची जागा, गाडी कोठे लावली आहे आणि अमुक वेळेपर्यंत निरोप न आल्यास कोणाला कळवायचे, एवढे तरी स्पष्ट असावे. बेत बदलून पलीकडच्या दरीत जायचे ठरले, तर आधी निरोप धाडावा आणि मग निघावे.

मदत मागितल्यावर जागा सोडू नये. येणाऱ्या संदेशांना उत्तरे द्यावीत, नारिंगी कपडे उघड्यावर पसरून दगडांनी दाबून ठेवावेत. हेलिकॉप्टरचा आवाज आला की बंदूक रिकामी करून बाजूला ठेवावी, तंबू आणि सुटे सामान उडणार नाही असे बांधावे, आणि चालकदलाने हाताने खूण केल्याशिवाय जागेवरून उठू नये. चढाच्या बाजूने किंवा शेपटीकडून हेलिकॉप्टरजवळ कधीही जाऊ नये.