कोंडीमागचा अर्धवट रस्ता कसा शोधावा

शहर वाढू लागले की वस्त्या आधी उभ्या राहतात आणि त्यांना जोडणारे रस्ते मागे पडतात. चौकात कोंडी झाली की रुंदीकरणाची किंवा उड्डाणपुलाची मागणी होते; परंतु त्याआधी जवळपास एखादा जोडरस्ता अर्धवट राहिला आहे का, हे तपासणे अत्यंत गरजेचे आहे.

प्रथम मंजूर विकास आराखड्याचा नकाशा मिळवून त्यावरील नियोजित रस्ते जागेवर जाऊन पडताळावेत. रस्ता जिथे खुंटतो तिथे नाला आहे, रेल्वेमार्ग आहे, कुंपण आहे की संपादन न झालेली जमीन, याची नोंद करावी. मग खुंटलेल्या दोन टोकांमधले सरळ अंतर आणि रस्त्याने पडणारे अंतर मोजावे. ४०० मीटरसाठी २.४ किलोमीटरचा वळसा पडत असेल, तर गुणोत्तर ६ येते. काटकोनात आखलेल्या दाट रस्त्यांच्या जाळ्यात ते साधारण १.४१ च्या पुढे जात नाही.

चौकातील मोजणी घाईने उरकू नये. गर्दीच्या वेळी दर १५ मिनिटांची, वाहनाच्या प्रकारानुसार आणि सरळ, डावीकडे, उजवीकडे अशी दिशावार नोंद ठेवावी. एका वस्तीकडून येऊन चौकातून पुन्हा शेजारच्याच वस्तीकडे वळणारी वाहने बरीच असतील, तर ती केवळ वळशापायी तिथे येतात. हिरवा दिवा असताना एका लेनमधून साधारण दोन सेकंदांना एक मोटार सुटते, म्हणजे सिग्नलच्या १२० सेकंदांच्या फेऱ्यात हिरव्या दिव्याचे ३० सेकंद मिळाले तर तासाला सुमारे ४५० मोटारी. दोन चौकांमधला रस्ता कितीही रुंद केला, तरी हा आकडा तेवढाच राहतो.

जोडरस्ता झाला की कोंडी सुटेलच, असेही गृहीत धरू नये. प्रत्येक जण स्वतःपुरता जलद मार्ग निवडतो तेव्हा नव्या रस्त्यामुळे सर्वांचाच प्रवास लांबू शकतो, हे जर्मन गणितज्ञ डीट्रिख ब्रेस यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले. त्यामुळे नवा रस्ता ज्या चौकात निघणार, तिथलीही मोजणी करावी.

निवेदनात एकाच रस्त्याचा विषय घ्यावा आणि नकाशा, लांबी, अडथळा व मोजणीचा तक्ता सोबत जोडावा. ज्यांची जमीन प्रशासनाच्या ताब्यात आहे असे रस्त्याचे छोटे तुकडे आधी मागावेत, कारण ते लवकर पूर्ण होऊ शकतात. रेल्वेमार्ग आडवा येत असेल, तर वाहनांच्या पुलासाठी न थांबता पादचारी भुयारी मार्गाची मागणी स्वतंत्रपणे करावी; पायी सहज जाता येईल एवढ्या अंतरासाठी अनेकांना केवळ वळशामुळे वाहन काढावे लागते.